हिंगोलीतून नेलेले शंभर प्लग

"चालतंय" हा शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता?

मी ज्या वस्तूबद्दल तो मान्य केला, ती बोटाच्या पेराएवढी होती. नेटच्या तारेच्या टोकाला बसतो तो पारदर्शक प्लग.

मी सैन्यात सिग्नलमन होतो. उत्तरेत, बर्फातल्या एका पोस्टवर आमची चार जणांची डिटॅचमेंट होती. कमांड बंकरपासून वरच्या चौकीपर्यंत नव्वद मीटर लॅन केबल टाकलेली. तिच्यावर फोन चाले. सकाळी सहाला लाईन चेक, साडेसहाला रिपोर्ट. डिटॅचमेंट कमांडर हवालदार किसन पोले. सेनगाव तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरचे. मी नरसी नामदेव गावचा. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए नरसी" म्हणत.

थंडीनं प्लग तडकत. एकदा दाबून बसवलेला प्लग पुन्हा वापरता येत नाही. साठा संपत आला होता, मागणी पाठवली होती, माल येईना. मी सुट्टीवर निघालो तेव्हा पोले म्हणाले, "गावाकडून शंभर प्लग आण. आन् आपल्या केबलचा तुकडा खिशात टाक. मेंढी घ्यावी दात बघून, प्लग घ्यावा तार दाखवून."

केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. काही केबलींत प्रत्येक तार एकसंध तांब्याची असते, काहींत केसासारख्या धाग्यांची. दोन्हींचे प्लग वेगळे, कारण आतले पिवळे दात वेगळे; चुकीचे दात तार सैल धरतात. बाहेरून सगळे सारखे दिसतात. आमची केबल एकसंध तारेची होती. बाजारात गेलो तेव्हा तुकडा घरी राहिला होता. हिंगोलीतला दुकानदार म्हणाला, "सब में चलता है, फौजी भाई." मी घेतले. घरी परत जाऊन तुकडा आणायला तासही लागला नसता.

जानेवारीत बंकरातला प्लग फुटला. मी नवा बसवला. टेस्टर लावला, प्रत्येक तारेचा एक दिवा. आठही दिवे ओळीनं लागले.

"तार हलवून बघितली का?" पोलेंनी विचारलं. टेस्टर चालू ठेवून प्लगजवळ तार हलवायची, एक जरी दिवा मिचकला तरी प्लग कापून फेकायचा, हा त्यांचा नियम. माझी बोटं बधिर झाली होती.

"व्हय, उस्ताद."

मी हलवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला आदेश आला. हिमस्खलनाचा धोका, चौकी रिकामी करा. वर दोन जवान होते. सहाला चालू असलेला फोन बंद. चौकीच्या रेडिओवर नुसती खरखर.

"प्लग?" पोलेंनी विचारलं.

"पक्का आहे."

"मंग वर तार तुटली असंल. मी तार धरून जातो. तू लाईनवर बस."

सात पस्तीसला ते कमरेएवढ्या बर्फातून, सोसाट्याच्या वाऱ्यात निघाले.

सात पंचावन्नला मी प्लग बोटानं दाबला. तार ज्या स्विचच्या डब्यात बसते, त्याच्यावरचा दिवा लागला. सोडला, विझला. तार कुठंच तुटलेली नव्हती; धाग्यांच्या तारेसाठीचा तो प्लग आमची तार सैल धरत होता. प्लग दाबून धरून मी चौकीला फोन लावला.

"हवालदार साब पहुँच गये," वरून आवाज आला. "हम निकल रहे हैं."

आठ तीनला उतारावरचा बर्फ सुटला. आठ पाचला दोघे जवान बंकरात आले. पोलेंनी त्यांना पुढं घातलं होतं आणि स्वतः मागं राहिले होते. दुपारी दोनला बर्फाखाली त्यांचा मृतदेह सापडला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली. ती रास्त होती.

सैन्यातून आल्यावर पहिल्यांदा पोलेंच्या गावी गेलो. त्यांच्या पत्नी, वहिनी, शेळ्यांना पाला टाकत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी हातातला पाला खाली ठेवला.

"ते म्हणायचे, नरसीचं पोरगं हुशार हाय, पण लई घाईचं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तुमी काहून सांगून राहिले?"

"तुमाला माहीत पाहिजे म्हणून."

"येकटीला सांगून काय व्हतं? सगळ्यायला सांगा."

म्हणून हे लिहिलं. आज मी जिल्ह्यातल्या शाळांच्या, दवाखान्यांच्या लाईनी जोडतो. योग्य प्लग हिंगोलीत मिळाला नाही तर नांदेडला जातो. तिथंही नसेल तर मागवून थांबतो. काम अडलं तर अडू द्या. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू द्या.

हवालदार किसन पोले दोन जवानांना जिवंत खाली पाठवून गेले. त्यांनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला होता. तुम्ही ठेवू नका. तुमच्याकडे कुणी तार जोडायला आला, की त्याला विचारा, हलवून बघितली का? तो "व्हय" म्हणाला, तरी तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा हलवायला लावा.