दोनदा विकत घेतलेली मोटार

आमच्या ह्यांना मोटारीचं वेड होतं, आणि ते लग्नाआधी आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा जिनिंग फॅक्टरीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, विडी-तंबाखूला शिवत नाही, एवढंच मध्यस्थ म्हणाला. तो खोटं बोलला नाही. पण रस्त्यानं एखादी मोटार गेली, की ह्यांचा घास हातातच राहायचा. मी बाभुळगावला नांदायला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. दोन खोल्यांचं घर, आणि त्यातला एक कोपरा जुन्या टायरला दिलेला. हा कशाला ठेवलाय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कामी येते." कधी, कसा, ते काही सांगितलं नाही.

अशा माणसाला यवतमाळच्या गाड्यांच्या दलालानं गाठलं. एका डॉक्टरांनी आपली काळी मोटार विकायला काढली होती. टॅक्सी म्हणून चालवलीत तर दोन वर्षांत घर बांधाल, असं दलाल म्हणाला. दलाल तेच म्हणणार. पण बोलण्यात तथ्य होतं. एसटीच्या गाड्या मोजक्या, आणि बाई बाळंतपणाला अडली किंवा कोर्टाची तारीख आली की लोक बैलगाडी जुंपून यवतमाळला निघायचे. टॅक्सी चालली असती, हे मलाही कळत होतं. अडचण पैशाची होती. आमच्या शिल्लकीत मोटारीची फार तर चाकं आली असती.

दलालाकडे त्यावरही तोड होती. नागपूरची एक कंपनी हप्त्यानं मोटार देते, म्हणाला. तिसरा हिस्सा आधी भरायचा, बाकीचे पैसे महिन्याच्या महिन्याला. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मोटार कंपनीच्या मालकीची, आपण फक्त चालवायची. हप्ता चुकला तर कंपनीचा माणूस येऊन घेऊन जाणार. सासूबाईंना हे अजिबात पटेना. "गाडी आपल्या दारात अन् मालक नागपुरात? असं कुठं असते का बाप्पा?" दिवसभर त्या हेच म्हणत होत्या.

ही खबर महागावला माझ्या माहेरी पोचली आणि दुसऱ्याच दिवशी दादा हजर. दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून घर, शेती, कापूस, तूर, सगळं तोच पाहायचा. मनानं मोठा, आणि आवाजानं त्याहून मोठा. उंबऱ्यातूनच म्हणाला, "कंपनीले याज कायले देता? माह्या बहिणीच्या दारात नागपूरवाल्याची गाडी उभी राहीन का? पैसे मी देतो. जवा जमन तवा देजा."

लिहिणं नाही, व्याज नाही, मुदत नाही. मला तर आभाळ ठेंगणं झालं. त्या रात्री हे जेवायला बसले. मग म्हणाले, "कंपनीचं एक बरं असते. तारीख ठरलेली असते." मी फणकारले. माझ्या भावानं तारीख लावली नाही हाही त्याचा दोष का, असं विचारलं. सासूबाई माझ्या बाजूनं होत्या, आणि हे घरात फार क्वचित घडायचं, त्यामुळे आमचा जोर काही औरच. ह्यांनी मान डोलावली. फक्त एक अट घातली. पैसे दादांचे, तर फिटेपर्यंत कागदावर नावही दादांचंच.

मोटार आली. थंडीच्या दिवसांत पुढून हँडल मारल्याशिवाय ती उठायची नाही, आणि एकदा उठली की गावातली कुत्री तिच्यामागे. बसायची जागा पाचांची. लग्नसराईत तिच्यातून मी बारा माणसं उतरलेली पाहिली आहेत, शिवाय नवरीची ट्रंक. ह्यांनी फॅक्टरीची नोकरी सोडली आणि पांढरा सदरा शिवला. आमचं बरं चाललं होतं.

पहिला हंगाम संपला तसे आम्ही महागावला गेलो. ह्यांनी हातरुमालात नोटा बांधून घेतल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी रुमाल पुढे केला. दादानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ठेवा, ठेवा. घाई काय हाय?"

"घाई नाई दादा, पण जमले हायेत."

आतून माझी माय बाहेर आली. "लेकीच्या घरचं पानी पेत नाई आमी, अन् पैसा घेवाव का? उचला तो रुमाल, जवाई."

आमच्यात हे असंच. लेकीच्या सासरहून माहेरच्यांनी काही घ्यायचं नाही. माय मला भेटायला बाभुळगावला आली, तर दोन घरं सोडून ओळखीच्या बाईकडे जेवायची आणि मग माझ्याकडे येऊन बसायची. हे आम्हां सगळ्यांना लहानपणापासून माहीत. तरी पैसे देताना दादाच्या ध्यानात आलं नाही आणि घेताना माझ्याही नाही, की बहिणीच्या घरी पैसा जाऊ शकतो, तिथून परत येऊ शकत नाही. दादानं कर्ज दिलं होतं, आणि ते फेडायची वाटच नव्हती.

ह्यांनी मनीऑर्डर करून पाहिली. ती परत आली. मग एकदा मी गुपचूप वहिनीच्या हातात नोटा कोंबल्या. घरी येऊन तिनं दिलेला पापडाचा डबा उघडला, तर तळाशी त्याच नोटा, वर पापड जास्तीचे.

सासूबाई खूश होत्या. "नाई घेत तं नाई घेत, आपलं काय जाते?" म्हणायच्या. पण जात होतं. दादाकडे पाहुणे आले की हे महागावला मोटार घेऊन हजर. वहिनीच्या माहेरी लग्न निघालं, ह्यांनी चार दिवस वऱ्हाड वाहिलं. भाडं नाही, तेलाचे पैसेही नाहीत. दादानं एकदाही मोटार मागितली नाही; हेच विचारत फिरायचे, कुठं जायचं का, कोणाला आणायचं का. पूर्वी हे सासुरवाडीला गेले की जावयासारखे वागायचे. पहिल्या पाटावर बसायचे, भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे, दुपारी तंगड्या पसरून झोपायचे, आणि मला त्याचा राग यायचा. आता पंगत बसली तरी हे अंगणात मोटार पुसत असायचे. तीन हाका मारल्यावर यायचे, शेवटी बसायचे, पानात पडेल ते खायचे. एकदा दादाच्या एका पाहुण्यानं त्यांना भाड्याचा ड्रायव्हर समजून "ए, पानी आन रे" म्हटलं. ह्यांनी उठून पाणी आणलं. मला ते पाहवेना. दादाचा राग येत होता आणि राग धरायला जागा नव्हती, कारण त्यानं आमचं भलंच केलं होतं.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "कंपनीकडून मोटार घ्या."

"कोणती?"

"हीच."

त्यांनी मोटार कडेला लावली. "आपलीच गाडी आपण इकत घ्यायची? डोकं ठिकाणावर हाय ना तुहं?"

"आपली कुठं हाय? कागदावर दादाची हाय. त्यानं दलालाले इकायची, दलालानं कंपनीले, अन् आपण कंपनीपासून हप्त्यानं घ्यायची. दलालाच्या हातचा पैसा तं घेईन तो?"

हे स्टीअरिंगवर थाप मारून माझ्याकडे वळले. मग हसायला लागले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं. "याज भरा लागन," म्हणाले. "भरू," मी म्हटलं. दलालही हसला, पण त्याची दलाली दोन्हीकडून सुटत होती, तेव्हा त्यानं फार प्रश्न विचारले नाहीत.

दादाला सांगायचं काम माझं. मी गेले तेव्हा अंगणात कापसाची बैलगाडी भरणं चाललं होतं, आणि दादा कापसात गुडघाभर उभा राहून तुडवत होता. मी खालूनच सगळं सांगितलं. तो तुडवायचा थांबला.

"म्हंजे मी दिले ते पैसे वाईट, अन् कंपनीचे चांगले? कंपनी सख्खी झाली तुले?"

"कंपनी परकी हाय म्हूनच. परक्याचं फेडता येते, दादा. तुहं फेडता येत नाई."

"मी मागतलं का कधी?"

"तू मागतलं असतं तं बरं झालं असतं. माहा नवरा तुह्या अंगणात गडी झाला, दिसत नाई का तुले? तुह्या पाहुन्यानं त्याले पानी आनाले सांगतलं, अन् त्यानं आनलं. मले सावकार नको, गडी नको. मले भाऊ पाह्यजे."

मी रडत होते, आणि माझा आवाज त्या दिवशी दादापेक्षा मोठा होता. दादा अंगाला कापूस चिकटलेला तसाच खाली उतरला, माठातलं पाणी प्यायला, आणि आत जाऊन मोटारीचे कागद घेऊन आला. माझ्याकडे न बघता ते माझ्या हातात दिले. त्या दिवशी त्यानं मला बस स्टँडवर सोडायला गडी पाठवला, स्वतः आला नाही.

मोटार कंपनीची झाली. आमचे रुमालातले पैसे आणि कंपनीचे पैसे दलालाकडे गेले आणि दलालाच्या हातून दादाकडे. दादानं ते घेतले. माझी माय म्हणे दोन दिवस विचारत होती, की हा पैसा लेकीच्या घरचा तर नाही ना. आम्ही व्याजापायी पुष्कळ जास्त भरलं. एका पावसाळ्यात टॅक्सी बसून राहिली तेव्हा हप्त्यासाठी मी पाटल्या मोडल्या, आणि सासूबाईंनी मला महिनाभर ऐकवलं. पण हे महागावला जायचे ते पांढरा सदरा घालून, आणि बसायचे पहिल्या पाटावर.

दादा मात्र माझ्याशी मोजकं बोलायचा. भाऊ पाहिजे म्हणून भांडले आणि भाऊच गमावला की काय, असं मला रोज वाटायचं. पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले. निघायच्या दिवशी हे मोटार घेऊन मला न्यायला आले होते, आणि वहिनी माझ्यासाठी तुरीची डाळ भरत होती. दादा ओसरीवर बसलेला. मोटार आल्यापासून मी माहेरी काही मागितलं नव्हतं. देतील ते घ्यायचं आणि पुरे पुरे म्हणायचं. त्या दिवशी माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "वहिनी, एवढीच? मागं याच्या दुप्पट देत होतीस."

वहिनीनं दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं.

"जाय," तो म्हणाला, "तुह्या कंपनीले माग डाळ."

मग उठला, वहिनीच्या हातचं माप घेतलं, आणि स्वतः पोतं भरायला बसला. थांब म्हटलं तरी थांबेना. ते पोतं मोटारीत चढवायला ह्यांना आणि त्याला, दोघांनाही हात लावावा लागला.