पायावर चालणारं ड्रिल

"दुखलं की डावा हात वर करायचा. आमी थांबतो."

खुर्चीत बसलेल्या प्रत्येक पेशंटला हवालदार हे सांगत. नुसतं सांगून भागत नसे, एकदा हात वर करून दाखवायला लावत. भारदस्त वकील आणि प्राध्यापक माझ्या दवाखान्यात शाळेतल्या पोरांसारखे हात वर करताना मी पाहिले आहेत. तुम्हीही केला असता.

सोलापुरात मी दातांचा दवाखाना थाटला तेव्हा ते मदतनीस म्हणून आले. मोहोळजवळच्या खेड्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी फौजेतल्या दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काढलेली. आम्ही त्यांना हवालदारच म्हणायचो. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, तरी मी आत आले की उठून उभे राहत. नका उठत जाऊ म्हटलं, तर म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाय डॉक्टरबाई, माज्या सवयीसाठी."

त्यांच्याकडे फौजी हिरव्या रंगाची एक जुनी लाकडी पेटी होती. पायाने चालवायचं ड्रिल तिच्यात सुटं करून ठेवलेलं असे. शिलाई मशीनसारखं पायडल, जड चाक, उभी दांडी आणि चाकाचा वेग दात कोरायच्या टोकापर्यंत नेणारी दोरी. वीज नसलेल्या ठाण्यांवर ही पेटी खेचराच्या पाठीवरून जायची. डॉक्टर दात कोरत आणि हे पायडल मारत. पेटी मोडीत निघाली तेव्हा लिलावातून त्यांनीच ती उचलली.

पेशंट बसतात तिथे आपण ती काचेच्या कपाटात मांडू, असं मी एकदा सुचवलं. त्यांना ते लागलं. "काचेत ठेवायला ती काय मेलीय का?" म्हणाले. शिबिराला निघताना पेटी बरोबर असायचीच, आणि आदल्या दिवशी तिच्यातलं दात कोरायचं हत्यार माझ्या निर्जंतुक करायच्या यंत्रातून काढलेलं असायचं. मी हसायचे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात आमचं शिबिर होतं. तिथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची दाढ ठणकत होती. गाल सुजलेला, तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. दाढेत पू साठला होता, त्याला वाट करून देणं भाग होतं. इंजेक्शन देऊन मी दाढ अर्धी कोरली आणि वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, असा निरोप आला.

मी हातातलं ड्रिल खाली ठेवेपर्यंत हवालदार बाहेर उभ्या असलेल्या आमच्या रिक्षातली पेटी घेऊन आलेसुद्धा. त्यांनी बाईंना दाराशी उजेडात बसवलं, मशीन जोडलं आणि पायडलवर पाय ठेवला. चाक फिरू लागलं. विजेच्या ड्रिलपेक्षा कितीतरी सावकाश, दाढेची थरथर माझ्या बोटांत येत होती. आता अगदी थोडं राहिलं होतं, तेवढ्यात बाईंचा हात वर गेला. चाक थांबलं.

मी म्हटलं, थोडंच राहिलंय, चालू ठेवा. त्यांचा पाय हलला नाही.

"हात वर हाय, डॉक्टरबाई."

भोवती कामगार उभे होते. मी चिडून पुन्हा सांगितलं, तरी ते त्या हाताकडेच बघत राहिले. शेवटी मी आणखी एक इंजेक्शन दिलं. ते लागू पडेपर्यंत हवालदार बाईंशी गावच्या, पोराबाळांच्या गोष्टी करत बसले. त्या अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत बोलत होत्या. मग बाईंनीच मान डोलावली. दोन मिनिटांत पू मोकळा झाला. बाईंनी डोळे मिटले आणि हात धरला तो हवालदारांचा, माझा नाही.

परतताना रिक्षात हवालदार आपणहून बोलू लागले. बर्फातल्या एका ठाण्यावर बधिर करायचं औषध संपलं होतं. दाढ कोरताना एका जवानाने हात वर केला. साहेब म्हणाले थांबू नकोस, आणि हे थांबले नाहीत. त्यानंतर ठाणं सुटेपर्यंत त्या जवानाने यांच्या हातचा चहा घेतला नाही.

"दाढ वाचली की त्याची," ते म्हणाले. "पर त्यानं माज्याकडं परत बगितलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मीही थांबायला लागले.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ते गावी गेले. जाऊ, जाऊ म्हणत मी भेटायला गेलेच नाही. गेले ती ते वारल्याचं कळल्यावर. त्यांच्या पत्नीला मी पहिल्यांदाच भेटत होते. बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खाटेशेजारी ते मशीन जोडून ठेवलेलं होतं.

म्हणाल्या, पाय गेल्यावर त्यांना करमेना. मग रोज सकाळी मी पायडल मारायची आणि ते पडल्या पडल्या ऐकायचे. कुठे तेल कमी झालंय, ते आवाजावरून सांगायचे.

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या. पातळ जरा आवरून घेतलं आणि पायडलवर पाय ठेवला.

"ऐका," म्हणाल्या.

चाक संथ, एका लयीत फिरू लागलं. मी रिकाम्या खाटेजवळ उभी राहून ऐकत होते.