शिक्षा मागणारी माणसं

दर रविवारी संध्याकाळी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये आम्ही मराठी ख्रिस्ती लोक प्रार्थनेला जमतो. प्रार्थना आटोपशीर, नंतरचा चहा मात्र लांबलचक. किस्से तयार होतात ते या चहामुळे, असं आमच्या ह्यांचं मत. माझं मत वेगळं आहे. दिल्लीत मराठी असणं, त्यात ख्रिस्ती असणं आणि त्यातही गायकवाड काकांच्या मंडळीत असणं, एवढं जमून आल्यावर किस्से शोधावे लागत नाहीत, आपल्या पायांनी घरी येतात.

काका मूळचे नगरचे. उभी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला गेली. ते रिटायर झाले, पण त्यांचा आवाज अजून ड्युटीवर आहे.

* * *

काका या सोसायटीत फ्लॅट बघायला आले तेव्हाची गोष्ट. घरमालकाने नाव ऐकलं, गळ्यातला क्रूस पाहिला आणि तो गोंधळून गेला. गायकवाड म्हणजे मराठा, क्रिश्चियन म्हणजे केरळवाला, एवढंच त्याला ठाऊक. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "आप लोग बदले कब?"

काका शांतपणे म्हणाले, "मेरे दादा के दादा से पूछना पड़ेगा. और वो फोन नहीं उठाते."

फ्लॅट मिळाला!

* * *

मराठीत प्रार्थना करताना आम्ही देवाला 'बापा' म्हणतो, अगदी घरच्यासारखं. दिल्लीत 'बाप' हा शब्द सहसा भांडणातच बाहेर पडतो. हे आमच्या लक्षात यायचं कारण म्हणजे गार्ड. एका रविवारी काकांची प्रार्थना रंगात आलेली असताना तो दारात येऊन उभा राहिला. पार्कमध्ये फिरणारे लोक घाबरले होते म्हणे. "साहबजी, अंदर किसके बाप को बोल रहे हो?"

काकांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "सबके."

* * *

माझ्या खालच्या मजल्यावर चड्ढा आंटी राहतात. आमच्याकडे नाताळला फराळ असतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? पहिल्याच वर्षी मी करंज्या घेऊन गेले, तर त्यांनी ताटलीवरचा रुमाल उचलला आणि माझ्याकडे फार काळजीने बघितलं. "बेटा, गुजिया? होली तो अभी बहुत दूर है. घर में सब ठीक है ना?"

पुढच्या नाताळला त्या स्वतःच लाटणं घेऊन हजर झाल्या. आता त्यांच्या करंज्या माझ्यापेक्षा जास्त खुसखुशीत होतात आणि हे त्या अख्ख्या टॉवरला सांगत फिरतात. मध्येच कधीतरी रविवारी हॉलमध्येही येऊन बसू लागल्या. शब्द कळत नाहीत, पण गुडघ्यांना बरं वाटतं म्हणतात.

* * *

आमच्यातला निलेश पुण्याचा. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. तिथे कंपनीच्या बसमध्ये कंत्राटी कामगारांना बसू देत नसत. सीटा रिकाम्या गेल्या तरी चालेल, पण ते शेअर ऑटोला लटकत येणार. निलेशला हे मनापासून खुपायचं. दर रविवारी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा की, प्रभू, त्यांना बसमध्ये जागा मिळू दे.

एकदा चहाच्या वेळी काकांनी त्याला जवळ बसवून घेतलं. बसमध्ये कोण बसणार हे कोण ठरवतं, असं विचारलं. निलेश म्हणाला, एचआर. एचआरमध्ये कोण आहे?

"मीच की, काका."

"मग देवाला कशाला मध्ये घालतोस?"

सोमवारपासून निलेशने कंपनीची बस सोडली आणि तो कामगारांबरोबर शेअर ऑटोने जाऊ लागला. साहेब चिडले, समजावून झालं, दम देऊन झाला. हा पठ्ठ्या हलला नाही. अख्खा उन्हाळा त्याचा शर्ट घामाने आणि धुळीने कसा व्हायचा ते आम्ही पाहिलंय. शेवटी कंपनीने बस सगळ्यांना खुली केली. त्या रविवारी चहा निलेशकडून होता, समोसेसुद्धा!

* * *

आता जरा गंभीर प्रकरण. शबनम माझ्याकडे स्वयंपाक करते. मी सातव्या मजल्यावर राहते. आमच्या लिफ्टवर सोसायटीने नोटीस लावली होती की घरकाम करणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये. त्यांच्यासाठी सर्व्हिस लिफ्ट आहे आणि ती बहुतेक वेळा बंद असते. रमजानमध्ये रोजा धरलेली शबनम घशाला कोरड पडलेली असताना जिना चढून यायची. मी कमिटीला अर्ज केले, भांडले, काहीही झालं नाही. माझा नुसता संताप व्हायचा.

मी हे रविवारी सांगितलं. काका उभे राहिले आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "बापा, शबनम जिना चढते आणि आम्ही लिफ्टमधून जातो. आम्हाला शिक्षा कर. कडक शिक्षा कर!"

खिडकी उघडी होती. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी वॉकला निघाले होते. त्यांनी दोनच शब्द टिपले, शबनम आणि शिक्षा.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की हॉलमध्ये शबनम नावाच्या बाईला शिक्षा दिली जात आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि तेही धर्म बदलण्याचं! हसण्यासारखं होतं, पण आम्ही हसलो नाही. आजकाल अशी तक्रार सोसायटीत थांबत नाही, पोलीस ठाण्यात जाते. आमच्यातले काहीजण म्हणाले की निदान खिडकी तरी लावून घेऊ, हळू बोलू.

"आपण चोरी करतोय का?" काका म्हणाले. "खिडकी उघडीच राहील."

कमिटीने मीटिंग बोलावली. हॉल बंद करायचा की नाही, एवढाच विषय. भाटियाजींनी 'मी स्वतःच्या कानांनी ऐकलं' म्हणून सांगितलं. काका उठले. "भाटियाजी, मराठी में शिक्षा माने सजा. हम अपने लिए सजा माँग रहे थे."

भाटियाजी चक्रावले. स्वतःसाठी शिक्षा मागणारी माणसं त्यांनी कधी पाहिली नसावीत. खूप काथ्याकूट झाला आणि निर्णय असा झाला की हॉल मिळेल, पण यापुढे प्रार्थना हिंदीत करायची. सगळ्यांना कळलं पाहिजे.

निलेश भडकला. मीही भडकले. आमची भाषा आमच्या देवाशीही बोलायची नाही म्हणजे काय? काका मात्र लगेच "मंजूर" म्हणून मोकळे झाले. त्या दिवशी घरी परतताना मी त्यांना मागे टाकून तरातरा पुढे निघून आले.

* * *

पुढच्या रविवारी हॉलची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी. पार्कातल्या बाकांवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी. मागच्या खुर्चीवर चड्ढा आंटी. काका उभे राहिले आणि एरवी सरकारी हिंदी बोलणारा हा माणूस इतकं साधं बोलला की बाहेर फिरणाऱ्यांचे पाय थांबले.

"हे पिता, शबनम रोजा रखकर सातवीं मंजिल तक सीढ़ी चढ़ती है और हम लिफ्ट से जाते हैं. वो नोटिस किसने लगाया, तू जानता है. फिर भी बता देता हूँ."

आणि त्यांनी कमिटीतल्या एकेकाचं नाव घेतलं, फ्लॅट नंबरासकट. कुणालाही वाईट शब्द नाही. कुणाच्या बीपीसाठी मागितलं, कुणाच्या मुलीच्या परीक्षेसाठी. शेवटी भाटियाजींचं नाव घेऊन म्हणाले, यांना हिंमत दे.

मागून चड्ढा आंटींचा खणखणीत आवाज आला, "आमीन जी!"

त्याच आठवड्यात मी आणि काका भाजी घेऊन येत होतो. गेटपाशी भाटियाजींनी आम्हाला गाठलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गायकवाड साहब, आप मराठी में ही कर लिया करो." ते निघाले, दोन पावलं जाऊन पुन्हा वळले. "और अपने बाप को बोल देना, लिफ्ट खुल गई है."