साकीनाक्याला पाठ झालेला तक्ता

प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही पाठीला उशी लावून बसला असाल. आता बर्फ येणार, दरी येणार, धुक्यातून कोणीतरी घोडेवाला येणार. काही येणार नाहीये. आपण मुलुंडहून साकीनाक्याला चाललोय, हॉस्पिटलच्या व्हॅनमधून, मांडीवर भिंगांची पेटी घेऊन. नको असेल तर आत्ताच उतरा.

मी करमाळ्याचा. सहा महिन्यांपासून मुंबईत नेत्र सहाय्यकाचा (डोळ्यांच्या डॉक्टरांना तपासणीत मदत करणारा) कोर्स करतोय. पुढच्या सीटवर देसाई मॅडम, आमच्या शिक्षिका. त्यांचा आवाज मला इतका हुबेहूब जमतो की एकदा मी मागून "थांबवा!" म्हटलं आणि ड्रायव्हरने भर हायवेवर ब्रेक मारला.

पहिला थांबा विक्रोळीची एक चाळ. तिथे निम्म्या पोरांचे डोळे आलेले, टोमॅटोसारखे लाल. एक ताई म्हणाल्या, "शेजारच्या पोराच्या डोळ्यात बघितलं ना, म्हणून ह्याला झालं."

"बघून नाही होत ताई. हात लागून, एकच टॉवेल वापरून होतं."

"हो का? मग मगाशी ज्या रुमालाने ह्याचे डोळे पुसलेस, त्यानेच आता स्वतःचं तोंड काय पुसतोयस रे?"

वाट लागली. मॅडमनी नळाकडे बोट दाखवलं. हात धुऊन आलो तर त्याच ताईंनी बशीत घावणे (तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार) आणि खोबऱ्याची चटणी ठेवली होती. चार खाल्ले. पाचवा मॅडमनी उचलला.

साकीनाक्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गल्लीत दोन्ही बाजूंना गाळे, आत मशीनी, ठिणग्या, तापलेल्या लोखंडाचा वास. माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. आमचं शिबिर एका गाळ्याच्या माळ्यावर होतं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला. पद्धत सोपी: एकेक डोळा झाकून दोन्हींनी शेवटची ओळ वाचली की कार्डावर 'ठीक', माणूस घरी. नाही वाचली तर डॉक्टरांच्या टेबलाकडे.

रांग लांबलचक. कंटाळलेले चेहरे बघून मला राहवेना. मी तोच तक्ता वाचून दाखवायला लागलो. लाजरी नवरी कशी वाचेल, नगरसेवक कसा वाचेल, स्टेशनवरची अनाउन्सर बाई कशी वाचेल. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. "परत कर ना ती बाई!" मी परत केली. पाच-सहा वेळा केली.

मग परबकाका आले. मालवणकडचे, तीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर. बसायच्या आधीच म्हणाले, "माका सगळा दिसता." (मला सगळं दिसतं.)

"मग बसा पटकन. डावा डोळा झाका."

त्यांनी तळहात डाव्या डोळ्यावर घट्ट ठेवला. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने तक्ता उलटा झाला. मागची बाजू वाचता न येणाऱ्यांसाठी असते. तिथे अक्षरं नसतातच, नुसते तीन दातांचे काटे, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. माणसाने बोटाने दिशा दाखवायची. मी तक्ता सरळ करायला निघालो आणि काकांनी वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर, खणखणीत, थेट शेवटच्या ओळीपर्यंत. अनाउन्सर बाईच्या चालीत!

रांग हसली. मीसुद्धा हसलो. आणि मग माझं हसू मध्येच थांबलं.

"काका, भिंतीवर अक्षरं नाहीयेत."

मी जवळ गेलो, हातभर अंतरावर चार बोटं धरली. "किती?"

"दोन?"

मग माझं मनगट धरून ते हळूच म्हणाले, "लिहू नको रे बाबा. तुझी गंमत ऐकून पाठ झाला, म्हटलं बरं झालं. शेठला कळलं तर मशीनवरून काढेल. पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. डावा झकास आहे ना, दोन वर्षं त्याच्यावरच चाललंय."

माझ्या हातात पेन होतं. 'ठीक' लिहिलं असतं तर ते जिना उतरून थेट मशीनवर गेले असते. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, लिहून टाकावं.

"काका, कार्ड शेठकडे जात नाही. आमच्याकडेच राहतं," म्हटलं, आणि खरं तेच लिहिलं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला, आत बघितलं. काचबिंदू. ह्यात डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस हळूहळू वाळते, आणि बऱ्याचदा काहीच दुखत नाही. उजव्याचं गेलेलं परत येणार नव्हतं. आणि झकास म्हणत होते त्या डाव्याचीही कडेची नजर जायला लागली होती.

काकांनी एकच विचारलं, "डावो रवतलो ना?" (डावा राहील ना?)

"थेंब एक दिवसही चुकवू नका. मग त्याला जपता येईल," डॉक्टर म्हणाले. "शेठला मी सांगणार नाही. पण एका डोळ्याने ग्राइंडरवर उभं राहायचं का, हे घरी पोरीला विचारा. आज विचारा."

काका थेंबांची बाटली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून, कठड्याला धरून जिना उतरले.

परतीला पवईच्या रस्त्याने आलो. डावीकडे तलाव लागला, कोणीतरी फोटो काढला. मी काढला नाही. सकाळपासून इतक्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारला, पण घाबरलेला माणूस पहिल्यांदाच दिसला होता. तरी मनातल्या मनात शाबासकीची वाट बघत होतोच.

मॅडम वळल्या. "परबांच्या आधी किती जण 'ठीक' होऊन गेले?"

"एकवीस."

"त्यातले किती वाचत होते आणि किती तुझी नक्कल करत होते?"

मी मांडीवरच्या पेटीची कडी चाचपायला लागलो.

"आता का गप्प? उद्या तुझी सुट्टी ना? रद्द. एकवीस कार्डं घे, गल्लीत जा, एकेकाच्या मशीनपाशी उभा राहून हात जोड आणि सांग, माझी चूक झाली, परत या. येत नाही म्हणाला तर तिथेच थांब. आणि ह्या वेळी एक जरी हसला ना, तर तुझं करमाळ्याचं तिकीट मी काढते!"