फिरकीचा तांब्या

लग्नानंतर आबा पहिल्यांदा पिंप्राळ्याला माझ्या घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या होता. भुसावळहून निघतानाच भरून घेतलेला. मी चहाचं आधण ठेवायला उठले तर म्हणाले, "राहू दे माय, मी मनं पानी लयेल शे."

मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न काय, पाणीही घ्यायचं नाही, ही जुनी रीत. आमच्या भावकीतल्या बऱ्याच जणांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली होती. आबांनी रेल्वेच्या वर्कशॉपात उभा जन्म काढला, जगभराच्या लोकांबरोबर डबा खाल्ला. पण ही रीत म्हणजे रीत. माझ्या थोरल्याचं बारसं झालं, त्या दिवशी ते माझ्याकडे पहिल्यांदा जेवले. असे जेवले की वाढणारीला धाप लागली. पुढे आई गेल्यावर तर ते माझ्याकडेच राहायला आले. मला वाटलं, आता संपला हा विषय.

पण मला धाकटी बहीण होती. तिला धुळ्याचं स्थळ मिळालं. जावई इंग्लंडात कारखान्यात होता, ती लग्नानंतर तिकडे गेली. तिला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, साक्रीकडच्या एका म्हातारीची मुळीसुद्धा मी कुणाबरोबर तरी पाठवली. काही उपयोग झाला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्याच्या आमच्या महाराजांना तिकडच्या भक्तमंडळींनी बोलावणं धाडलं. धुळ्यातल्या एका गुजराती कापड व्यापाऱ्याचे नातेवाईक तिकडे स्थायिक होते, त्यांनीच सगळा घाट घातला. तिकडची देवळं पाहायची, तिथं कथा-भजन करायचं, आणि घरोघर महाराजांची पधरावणी, म्हणजे त्यांची पायधूळ घरी झाडून घ्यायची. आबा त्यांच्या भजनात मृदंग वाजवायचे, म्हणून त्यांचा नंबर लागला. त्यांना साखरेचा आजार, म्हणून सोबतीला माझा. लोक म्हणाले, काशीला न गेलेली बाई लंडनच्या यात्रेला निघाली! मी आपली सामानात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ भरत होते. धाकटीनं फोनवर एकच विचारलं होतं, "अक्का, आबा मना घर जेवतीन ना?" मी "हो" म्हणून टाकलं. माझी खात्री होती. एवढा समुद्र ओलांडून गेलेला बाप लेकीच्या ताटावर थोडाच अडून बसणार?

तिकडची देवळं बाहेरून देवळं वाटतच नव्हती. एक जुन्या गोदामात होतं, एक चर्चमध्ये. आत गेलं की मात्र तोच उदबत्तीचा वास आणि चपलांचा तोच ढीग. घरंही एकसारखी, लाल विटांची. आबा कुठंही मागं राहिले नाहीत. गुजरात्यांकडे कढी प्यायले, पंजाब्यांकडे राजमा खाल्ला, एका मद्रासी डॉक्टरीणबाईंकडचं रस्सम तर वाटी तोंडाला लावून प्यायले. भक्ताघरचा प्रसाद, नाही कसा म्हणायचा? मी मनात म्हटलं, चला, म्हातारा निवळला.

शेवटून दुसऱ्या दिवशी धाकटीच्या घरी पधरावणी होती. तिनं दारात रांगोळी काढली होती. महाराजांसाठी कांदा-लसूण वगळून सगळा स्वयंपाक. पानं वाढली, महाराज बसले, मंडळी बसली. आबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले, मांडीवर तांब्या. तो त्यांनी सकाळी शेजारच्या भक्ताच्या घरून भरून घेतला होता.

धाकटी बाहेर आली. चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, तुम्ही बठ्ठासना घर जेवनात. मना घर पानी बी नही?"

आबा खाली बघत म्हणाले, "रीत शे माय ती. मी काय करू?"

मला त्यांचा इतका राग आला! आजही येतो. रीत मोडली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं? तिथं बघायला कोण भावकी बसली होती? पण त्यांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. भीती होती त्यांच्या चेहऱ्यावर. आपण रीत मोडली आणि लेकीचं काही वाईट झालं तर, अशी काहीतरी. म्हणजे ते तिच्यासाठीच उपाशी बसले होते. हे त्यांनी तिला सांगायला हवं होतं.

तोडगा महाराजांनीच काढला. "उद्या तुझ्या हातचं देवळात घेऊन ये, बेटा. देवाला दाखवलं की ते देवाचं झालं. मग आबांना कसली रीत?" आबांनी लगेच मान डोलावली. मान डोलावताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं भरीत केलं. तिकडची वांगी काळीभोर आणि अवाढव्य. इथल्यासारखी हिरवी नाहीत, भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीत. गॅसवर भाजताना धुरानं छताला लावलेली धोक्याची घंटा कोकलायला लागली, आणि आम्ही दोघी टॉवेल हलवत हसत सुटलो. मी कळण्याच्या भाकरी थापल्या. आबांना आवडतं तसं लसूण, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, सगळं तिनं ठेचून घातलं. एरवी आबांना याशिवाय भरीत चालतच नाही.

देवळातल्या पुजाऱ्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "बेन, इसमें तो लहसुन-प्याज है. ठाकुरजी को नहीं चलेगा."

हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं; आदल्या दिवशी कांदा-लसूण वगळला तो महाराजांसाठी. कसं येणार? आमच्या खंडोबाला चंपाषष्ठीला कांद्याच्या पातीचं भरीतच लागतं. भरीत आणि नैवेद्य यात आम्हाला कधी फरकच माहीत नाही. मी भांडून पाहिलं, "देव भावाचा भुकेला" हेही ऐकवलं. पुजारी भला माणूस होता, पण नियम त्याचा नव्हता.

आबा वर पंगतीत बसले होते, वाट बघत. शेवटी त्यांनी देवळातली खिचडी खाल्ली. धाकटी आणि मी चपला ठेवायच्या खोलीत बाकावर बसून डबा संपवला. भरीत फार छान झालं होतं. ती म्हणाली, "अक्का, एक घास तरी..." आणि तिनं डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं विमान होतं.

त्या रात्री निरोप घ्यायला तिच्या घरी गेलो, तेव्हा आबांचा तांब्या तिथंच राहिला. विमानतळावर मला आठवलं. आबा म्हणाले, "राहू दे तिनाजोडे." ते विसरले होते की ठेवून आले होते, त्यांनी कधी सांगितलं नाही.

नंतर हिवाळ्यात घरात भरीत झालं की आबा ताटावर जरा थांबायचे. एकदा म्हणाले, "आते गऊ ते जेवसू." आता गेलो तर जेवीन. मी म्हटलं, रीत? त्यांनी हात झटकला. पण आता जाणार कसे? महाराज राहिले नव्हते, गुडघे गेले होते, बोलावणारं कुणी नव्हतं. फोनवर तिला सांगा म्हटलं तर म्हणायचे, "फोनवर काय सांगानं? समोर बशीसन जेवसू."

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी धाकटीला कळवलं, ती मिळेल त्या विमानानं निघाली. पिंप्राळ्याला रिक्षातून उतरली ती कपड्यांची बॅग तिथंच टाकून, पिशवीतला तांब्या छातीशी धरून आत आली. झाकण घट्ट आवळलेलं, वरून फडकं बांधलेलं. तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी.

तोवर आबांचं गिळणं थांबलं होतं. डॉक्टरांनी तोंडानं काहीही द्यायला मनाई केली होती. धाकटीनं कापूस त्या पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांवर फिरवला. "आबा, मना घरनं पानी शे," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही.

आबांचं दिवसकार्य आटोपून ती परत निघाली, तेव्हा तांब्या तसाच भरलेला होता. मी म्हटलं, तुळशीत ओतू का? ती म्हणाली, "नको. तूच पी, अक्का. तू जेवली होतीस माझ्याकडचं." मी तिच्यासमोर ते पाणी प्यायले. त्याला पितळेचा वास लागला होता.