हेल्मीबाई ज्यूरीत बसते

आमच्या लॉरिंग्टनमध्ये फेडरल कोर्ट वर्षातून दोनदाच भरायचं, वसंतात आणि शरदात, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर. न्यायाधीश खालून, मोठ्या शहरातून, गाडीने यायचे. समोरच हेल्मी राउतियोची खाणावळ. मी कोर्टाचा बंदोबस्त बघणाऱ्या मार्शलच्या हाताखालचा माणूस, त्यामुळे साहेबांना जेवायला तिकडे नेणं माझंच काम.

हेल्मीबाई लग्न होऊन फिनलंडहून इथे अमेरिकेत आली. नवरा तांब्याच्या खाणीत होता; तो गेल्यावर तिने खाणावळ टाकली. पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी, ही तिथली खासियत. न्यायाधीशांचा इतिहास विचारावा तर तिलाच. जुने बॉइलसाहेब दुपारच्या खटल्यात घोरत. ती सांगायची, "मी त्यांना कमी वाढायला लागले, तेव्हा कुठे लोकांना न्याय मिळायला लागला!" त्यांच्यामागून वेक्सफर्डसाहेब आले. ते शिक्षा सुनावून आले की जेवतच नसत. बाई त्यांच्यापुढे मुकाट्याने वेलदोड्याचा पाव ठेवून निघून जायची.

चोपन्न साली लंडीसाहेबांच्या कोर्टात फ्लूमुळे ज्यूरीची माणसं कमी पडली. साहेब म्हणाले, "क्लाइड, रस्त्यावरून कुणी समजदार माणूस आण बघू." मी सरळ समोर गेलो.

"मी? अरे, पेस्ट्या भट्टीत आहेत माझ्या!"

"हुकूम आहे, बाई."

पिठाच्या हातांनीच ती उभी राहिली. साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "नागरिक आहात ना?"

बाईने हातावरचं पीठ पुसलं. मग हळूच म्हणाली, "नाही, साहेब."

कोर्टात कुजबुज झाली. हेल्मी नागरिक नाही? मग आम्ही तरी कोण!

"इतक्या वर्षांत अर्ज का नाही केलात?"

"परीक्षा तुमच्यासमोरच ना, साहेब. तीही इंग्रजीत. ज्या माणसाला मी 'पानात टाकायचं नाही' म्हणून दटावते, त्याच्यासमोर अडखळायचं?"

साहेब हसले. "आत्ता कुठे अडखळलात?"

बाईचा चेहरा लाल झाला. पेस्ट्या जळताहेत म्हणत ती पळालीच. पण त्या हिवाळ्यात ती माझ्या बायकोकडे रोज शिकायला येऊ लागली. वसंतात तिने परीक्षा दिली आणि लंडीसाहेबांसमोर हात वर करून शपथ घेतली. आवाज असा खणखणीत, की खाली पोस्टात तिकिटं विकणाराही जिना चढून बघायला आला. टाळ्या थांबेनात. साहेबांनीही त्या थांबवल्या नाहीत.

पुढच्या शरदात ज्यूरीच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यात तिचं नाव. सरकारी जंगलातली पाइनची झाडं तोडल्याचा खटला होता, लाकूडतोड्या टॉयवो हाक्कालावर. बाईने खाणावळीला कुलूपच घातलं. "न्यायाधीश, वकील, आरोपी, सगळे माझ्याचकडे जेवतात. खटला संपेस्तोवर कुणाला वाढणार नाही."

साहेब आपल्या खोलीत डबाबंद घेवड्यावर दिवस काढू लागले. व्हरांड्यात समोरासमोर आले, तर बाई भिंतीकडे बघायची.

मी म्हटलं, "अहो, निदान मान तरी हलवा!"

"ज्यूरी आहे मी. तूही चोंबडेपणा करू नकोस."

ज्यूरीने तिलाच पुढारी केलं. तोडलेली झाडं हाक्कालाच्या स्वतःच्या हद्दीत होती, हे साक्षीत निघालंच होतं. निकाल सांगायला ती उठली, डोक्यावरचा रुमाल पदरासारखा सावरला आणि म्हणाली, "निर्दोष." हाक्काला रडला, सरकारी वकिलाने कागद गोळा केले, साहेबांनी ज्यूरीचे आभार मानले.

बाई तिथेच उभी. "म्हणजे आता ज्यूरी सुटली ना, साहेब?"

"सुटली."

"मग चला. केवढे वाळलात हो!"

ती पुढे आणि अख्खं कोर्ट मागे, असे आम्ही रस्ता ओलांडला. सरकारी वकील आणि हाक्काला एकाच बाकावर बसले आणि मोठी पेस्टी कुणाची यावरून पुन्हा भांडू लागले. साहेबांनी मात्र या खटल्यात लक्ष घातलं नाही. ते जेवत होते.