पक्क्या टाक्याचा लूप

वसमतला आमचा कामाचे कपडे शिवणारा कारखाना. त्याचा इतिहास छापायचा म्हणून शेठचा मुलगा मोबाइल समोर ठेवून बसला होता. मी तिथला जुना प्रॉडक्शन मॅनेजर. कामगारांची पहिली अंगभर डांगरी, साखर कारखान्याची पहिली ऑर्डर, सगळं सांगितलं. लूपची गोष्ट मात्र टाळली. इतकी वर्षं टाळतच आलोय. ती इथे लिहितो.

हळद पॉलिश करणाऱ्यांना घाम पुसायला रुमाल लागतो. तो अडकवायला आम्ही डांगरीच्या कमरेला कापडी लूप दिला. तो मुद्दाम कच्चा शिवायचा. फिरत्या मशीनमध्ये रुमाल सापडला, तर लूप तुटावा आणि माणूस सुटावा.

पण दुकानदार कुरकुरायला लागले, "तुमचा लूप लगेच हातात येतो." मी शिलाई लाइनच्या सुपरवायझर सीताबाई राठोड यांना म्हणालो, "लूपला बारटॅक मारा." बारटॅक म्हणजे एकाच जागी दाट टाके घालून पक्की केलेली शिलाई.

"शेठनी पास केलेल्या सॅम्पलला तर कच्चा हाय, साहेब."

"सॅम्पलचं मी बघतो."

पहिला लूप ओढून बघत त्या हसल्या. "आता बैल बांधा, साहेब. तुटायचा न्हाई."

पुढे एका कामगाराचा रुमाल हळद पॉलिशच्या फिरत्या ड्रमच्या शाफ्टला गुंडाळला गेला. लूप तुटला नाही. माणूस ओढला गेला. जीव वाचला, पण उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

शेठनी ती डांगरी टेबलावर टाकली. "सॅम्पलला कच्चा, मालाला पक्का. कुणी सांगितलं?"

सीताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डांगरीकडे पाहत राहिलो.

"बोला की, बाई!"

"लाइन माझी हाय, शेठ."

त्याच दिवशी त्यांना काढलं. लूप पुन्हा कच्चा झाला. मी रिटायर होईपर्यंत मॅनेजर राहिलो.

कामाच्या कपड्यात जे लोंबतं, ते माणसाआधी तुटलं पाहिजे. हा नियम मी नव्या पोरांना शिकवायचो.

रेकॉर्डिंगनंतर मी औंढ्याजवळ सीताबाईंच्या तांड्यावर गेलो. त्या ओसरीत मशीनवर दप्तरं शिवत होत्या.

"या साहेब. काहून येणं केलं?"

"नागनाथाला आलो होतो," मी म्हणालो.

त्यांनी चहा दिला. माझ्या पिशवीचा बंद उसवला होता. न विचारताच त्यांनी तो मशीनखाली घेतला, मागेपुढे दाट टाके मारले आणि ओढून बघितला.

"घ्या. आता बैल बांधा."

मी पिशवी घेतली आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.